राहीबाईचा गुरुवार

आई गेल्यापासून अंजनाला एका जागी बसवत नव्हतं. साताऱ्याच्या ग्रंथालयात, नोकरीच्या जागी, ती दर दहा मिनिटांनी खुर्चीवरून उठे, एखाद्या कपाटापाशी जाई, पुस्तक काढे, पहिलं पान अर्धवट वाचून परत ठेवी. आयुष्य पुस्तकांत गेलेल्या बाईला पान संपेना. महिन्याभरात ती तिसऱ्यांदा माधवनगरला आली होती. आईची खोली आवरायची हे निमित्त. दोन पेट्या, एक कॉट, भिंतीवर क्रूस, यापलीकडे खोलीत आवरण्यासारखं काही नव्हतं.

बारा वर्षं ती आईला साताऱ्याला ये म्हणत होती. वेगळी खोली काढून ठेवली होती, गच्ची होती, सकाळचं कोवळं ऊन होतं. राहीबाई दर खेपेला हसायची. अलीकडे म्हणायची, "माझा आठवडा भरल्याला हाय, बाई. सोमवारी दवाखान्याच्या वॉर्डात जायाचं, बुधवारी प्रार्थना, गुरुवारी एक काम. मधी तुझ्याकडं येऊ कवा?"

गुरुवारचं काम कसलं, हे अंजनानं कधी विचारलं नव्हतं. चर्चमधलं काहीतरी असेल, एवढंच तिनं धरलं होतं. आणि या भरलेल्या आठवड्यावर तिचा मनातून राग होता. एकटेपण झाकायला आईनं चार उद्योग लावून घेतलेत, असं तिला वाटायचं. आता आई नव्हती, आणि तोच प्रश्न तिला बसू देत नव्हता. आईचं आयुष्य खरंच भरलेलं होतं, की तिनं ते कशानंतरी बुजवलं होतं?

दारात सोनिया येऊन उभी राहिली. ती आईच्या चर्चच्या मंडळीतली, पन्नाशीची. आजाऱ्यांची घरं या बायकांनी वाटून घेतलेली असत. ज्या घराचा जो वार, त्या वारी ती बाई जाणार, ऊन असो की पाऊस.

"अंजनाताई, आज गुरुवार," सोनिया चाचरत म्हणाली. "आईचं एक घर राहिलंय. आम्ही तिघी आळीपाळीनं जाऊन आलो. पण ते हात लावू देत नाहीत कुणाला. लकव्यानं डाव्या हाताची मूठ वळलीय. नखं वाढून तळव्यात घुसायला लागलीत."

"कोण ते?"

सोनिया फरशीकडे बघत म्हणाली, "कोंडीबा मुकादम."

अंजना नऊ वर्षांची होती तेव्हा आई सूतगिरणीच्या कांडी खात्यात होती. शाळा सुटली की अंजना गेटवर जाऊन थांबायची. एके दिवशी मुकादमानं सगळ्यांसमोर आईची पिशवी रस्त्यावर उलटी केली. डब्याखालून सुताच्या चार कांड्या पडल्या. "चोरटी," तो म्हणाला. आईनं पडलेला डबा उचलला, झाकण शोधून लावलं आणि अंजनाचा हात धरून चालायला लागली. पुढं तिला मिरजेच्या मिशन दवाखान्यात आयाचं काम मिळालं. तिथंच तिनं येशूचं नाव ऐकलं, तिथंच बाप्तिस्मा घेतला. अंजना साताऱ्याच्या वसतिगृहात गेली आणि पुस्तकांत रमली.

"त्याच्याकडे जायची ती?"

"सहा वर्षं."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही जाऊ दिलं नसतं." सोनियानं पदर सावरला. "आणखी एक आहे. आई गेल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. सून म्हणाली, धसका घेतील. म्हणून, लेकीकडं साताऱ्याला गेल्यात, असं सांगितलंय."

अंजनाला हसू फुटलं. महिन्यातलं पहिलं हसू, आणि तेही असं कडू. "मी बारा वर्षं बोलावलं तर आली नाही. तुम्ही बऱ्या एका वाक्यात पाठवलीत!"

"चुकलंच आमचं," सोनिया म्हणाली.

"मी येणार नाही."

पिशवी घेऊन ती थांब्यावर गेली. सांगलीची गाडी आली, ती चढली नाही. दुसरी आली, चढली, आणि पुढच्याच थांब्याला उतरली. उन्हात तशीच माघारी चालत आली. मनात दया वगैरे काही नव्हतं. तिला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं.

सोनियाकडून घर विचारून घेतलं. दार कोंडीबाच्या सुनेनं, पल्लवीनं, उघडलं. अंजनानं नाव सांगताच ती हळू आवाजात म्हणाली, "आवं, तेवढं सांगू नगा बरं का." मग आत हाक दिली, "मामंजी, राहीबाईंची लेक आलीया."

खाटेवर एक वाळकं म्हातारं पडलं होतं. खोलीला जखमेचा आंबूस वास येत होता.

"मग तिला एकटीला सोडून आलीस व्हय गं?" म्हातारा म्हणाला.

पल्लवीनं कोमट पाण्याचं घमेलं आणि नेलकटर आणून ठेवलं. अंजना स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी तिनं ती मूठ पाण्यात धरली. कोंडीबानं खांद्यातून हिसका दिला, पण लुळा हात काही हलला नाही.

"लेक भेटली म्हून आमाला इसरली म्हातारी. काय करती तिथं?"

"बरी आहे," अंजना म्हणाली. "सकाळी गच्चीवर उन्हाला बसते."

"मग?"

"मग चहा. टीव्ही बघते."

"आन् मग?"

"जेवून झोपते थोडी."

"उठल्यावर?"

आईसाठी बारा वर्षं तिनं जपून ठेवलेला दिवस हाच होता. तोंडानं सांगायला घेतला तर तिसऱ्या प्रहरापर्यंतसुद्धा पुरला नाही.

कोंडीबा तिच्याकडे टक लावून बघत होता. "खोटं बोलतीस. राहीबाई बसून ऱ्हाती व्हय? चार दिसांत तिनं तुझ्या आळीतली धा घरं धरली असती. शेजारी कोन आजारी हाय तुझ्या? नाव सांग."

शेजाऱ्यांचं नाव अंजनाला माहीत नव्हतं.

"कवा गेली?"

पल्लवीनं तोंडावर हात धरला.

"एकतीस दिवस झाले," अंजना म्हणाली.

म्हाताऱ्यानं आढ्याकडे तोंड केलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते पुसायला त्याचा उजवा हात वर आला आणि मधेच थांबला.

"कांड्या मी घातल्या हुत्या तिच्या पिशवीत. माज्या भावजयीला जागा पायजे हुती."

"मी होते तिथं. गेटवर."

"तिला बी ठावं हुतं. हितं आली त्या पयल्या दिशी मी सांगाया लागलो, तर म्हणती, मुकादम, आदी बोटं ढिली सोडा, मग बोला." त्याचं तोंड हसल्यासारखं वाकडं झालं. "लय चिवट बाई. मी इचारलं, का येतीस गं माज्याकडं? तर म्हणली, तुमी हाकललं तवा वाटलं, सपलं समदं. त्या दिसांत येशूनं हात धरला. त्यानं इतकं दिलं, की आता राग ठेवाया घरात जागाच न्हाई. मी म्हणलं, येड लागलंय हिला. पर गुरुवार आला की दाराकडं कान असायचा माजा."

अंजनानं अंगठा मोकळा केला होता. पहिलं बोट, मग दुसरं. ऐकलेलं सगळं डोक्यात एकमेकांवर आदळत होतं. उठून जावं, असं तिला दोनदा वाटलं.

"उरल्याली दोन लय दुखत्यात," कोंडीबा म्हणाला. "ती डोस्क्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायची, मग उघडायची. तू म्हण."

"मी म्हणत नाही आता."

"येती का न्हाई?"

येत होती. प्रभूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना मंडळीतल्या लहान पोरालाही येते. अंजनानं ती पंचवीस वर्षांत म्हटली नव्हती. ओला हात पुसून तिनं त्याच्या कपाळावर ठेवला. शब्द आपोआप येत गेले. पित्याचं नाव झालं, त्याची इच्छा झाली, रोजची भाकर झाली. पुढची ओळ अपराध्यांना क्षमा करण्याची होती. तिथं तिचा आवाज थांबला.

भिंतीपलीकडे कुणाच्यातरी मागाची खडखड चालू होती. मग कोंडीबानं जड जिभेनं ती ओळ म्हटली, अडखळत, पण एकही शब्द न चुकता. सहा वर्षांत त्याला पाठ झाली होती.

"आता तू," तो म्हणाला.

अंजनानं म्हटली. ती पुस्तकातल्यासारखी आली. तिला ते सहन झालं नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटली. या वेळी तिला गेट दिसलं, रस्त्यावर पडलेला डबा दिसला, झाकण शोधणारे आईचे हात दिसले. हाताखालचं ते कपाळ गरम होतं, म्हाताऱ्या माणसाचं. प्रार्थना शेवटापर्यंत गेली आणि तिथं ती थांबली नाही. शिकवलेलं संपलं तसं तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं, इतक्या हलक्या आवाजात की पल्लवीला ऐकू गेलं नाही: "प्रभू, तिला जे दिलंस ते मला दे. मला ते हवंय."

उत्तर काही आलं नाही. पण आपण हे मागितलंय, कुणाकडे तरी मागितलंय, हे तिला कळत होतं, आणि मागितलेलं परत घ्यावं असं वाटत नव्हतं.

कोंडीबानं डोळे मिटून मूठ पुढं केली. तिसरं बोट उघडलं तेव्हा तो कळवळला. करंगळीखालचा तळवा लाल, ओला झाला होता.

"पल्लवी," अंजना स्टूल खाटेजवळ ओढत म्हणाली, "हे पाणी गार झालं. दुसरं गरम करून आणता? आणि मऊ फडकं असलं तर द्या. मला अजून वेळ लागेल."