भूपालनं सोता बसवलंय

मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि भूपाल मगदूमचा आनंद पोटात मावत नव्हता. शिवाजी पेठेतलं ते दोन गाड्या मावणारं गॅरेज त्याचं आणि बाळासोचं, भागीत. भूपालनं पाना धरायचा, बाळासोनं माल आणायचा आणि गिऱ्हाईक सांभाळायचं. दोघांत कधी तुझं-माझं झालं नाही. पेठेतले लोक म्हणायचे, सख्खे भाऊसुद्धा असे नांदत नाहीत. म्हणणाऱ्यांचं काय जातंय म्हणा!

त्या सकाळी लेकीनं, ऐश्वर्यानं, त्याला गाडीतनं आणून सोडलं, तोवर शिरोळचा अमरसिंह तणतणत आला. जुनं गिऱ्हाईक, पण आज रामराम नाही की काही नाही.

"भूपालराव, हाताला लकवा मारलाय काय तुमच्या?"

"का? काय झालं?"

"काय झालं? मागच्या महिन्यात पुढचे बंप स्टॉप आन बूट बदलून नेले. आता खड्ड्यात चाक गेलं की धाडदिशी लोखंडावर लोखंड आपटतंय. आमची म्हातारी म्हणती, मला हितंच उतरीव, चालत जातो."

"मागच्या महिन्यात? मी बसवले?"

"तर! बाळासोनं सांगितलं की, भूपालनं सोता बसवलंय, डोळं झाकून जावा."

मागच्या महिन्यात भूपालचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पाना राहू दे, स्वतःच्या पायजम्याची नाडी त्याला बांधता येत नव्हती. पण अमरसिंहाला तो एवढंच म्हणाला, "च्या घिऊन या. बघतो मी."

बाळासो माल आणायला गेला होता. भूपालनं जॅक लावला, चाक काढलं.

शॉकपच्या, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या नळीच्या, दांडीवर फोमचा एक जाड ठोकळा असतो, तो बंप स्टॉप. लोखंडानं लोखंडाला धडक देऊ नये म्हणून मधल्या मधी मार खायला तो बिचारा. वरनं घड्याघड्यांचा रबरी बूट, दांडीला चिखल-माती लागू नये म्हणून. एकदा बूट ओढला की आत काय घातलंय ते देवाला ठाऊक, नाहीतर मिस्त्रीला. म्हणून भूपाल प्रत्येक ठोकळा मुठीत दाबून बघायचा, जुन्याशेजारी उभा करून उंची ताडायचा. जरा उंच झाला तर गाडी कडक, जरा बुटका झाला तर शॉकपचा सत्यानाश. ठोकळा निवडताना त्याला घाई केलेली चालायची नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "पावणं, दुसरं गॅरेज बघा."

त्यानं बूट वर सरकवला, तसा पिवळा भुगा हातावर सांडला. बूट नवाकोरा आणि आत ही रड! गादीतला फोम परवडला. उंचीलाही कमीच.

आता बघा माणसाचं मन कसं असतं. भूपालच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बाळ्याला कुणीतरी गंडवलं. त्याला माल कुठला ओळखता येतोय? रोजावर मिस्त्री लावला असेल, त्यानं दिसेल ते बसवलं. आणि माझं नाव? गिऱ्हाईक बावरू नये म्हणून घेतलं असेल. मनातल्या मनात त्यानं बाळासोची अख्खी वकिली केली. त्याला बाळासोची कीवसुद्धा आली.

तेवढ्यात ऐश्वर्या म्हणाली, "पप्पा, बाळासोकाकानं माझ्या गाडीचंबी तवाच केलंय की."

पोर रोज इचलकरंजीला जाते-येते. भूपालनं तिला निघू दिलं नाही. दुखऱ्या मनगटानं तिच्या गाडीचं चाक काढलं, बूट सरकवला आणि आत बोटं घातली.

ठोकळा टणक होता. उंचीला बरोब्बर. दाबला की बोटांना उलटा रेटा देत होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

भूपाल खालीच बसला. लेकीची गाडी नीट निघाली, बापानं सुटलो म्हणायला पाहिजे की नाही? त्याच्या छातीत आग पेटली. बाळासोला माल ओळखता येत होता. चांगला कुणाला आणि भुसा कुणाला, हे त्यानं हातानं निवडून ठेवलं होतं.

बाळासो आला आणि उघडी चाकं बघून दारातच थबकला.

"अमरसिंहाच्या गाडीत काय घातलंस?"

"आरं, बुटाच्या आतलं कुणाला दिसतंय, भूपाल? आन वराडतोस कशाला? तुझ्या पोरीच्या गाडीत चांगलंच घातलं का न्हाई? तुझ्याशी कधी दगा केला काय मी?"

"तिच्या गाडीतबी भुसा घातला आसतास तर बरं झालं आसतं, लेका! म्हटलं आसतं, बाळ्या फसला. तुला सगळं कळत हुतं!"

"मग काय करायचं हुतं? तुझं नाव घेतल्याबिगर एक गिऱ्हाईक चावी देईना. गॅरेजला कुलूप लावू?"

"लावायचं हुतंस! रोज संध्याकाळी केळी घिऊन माझ्या उशाला बसायचास. हात लवकर बरा कर म्हणायचास. आन हिकडं त्याच हाताच्या नावावर..." ऐश्वर्या एकदा काकाकडं आणि एकदा बापाकडं बघत उभी राहिली.

"आनि कुणाकुणाला घातलंस?"

बाळासोचा हात खिशावर गेला.

भूपालनं त्याच्या खिशातला गॅरेजचा मोबाईल काढून घेतला. त्यातल्या गिऱ्हाइकांच्या नोंदीत त्या महिन्यात गाडी दिलेलं ओळखीचं नाव पहिलं लागलं ते कबनूरच्या शालूबाईचं. त्यानं फोन लावला.

"भूपालदादा!" शालूबाईचा खणखणीत आवाज गॅरेजभर झाला. "बरं झालं फोन केलासा. गाडी आशी मऊ चालतीया म्हणून सांगू! मी तर सगळ्या गल्लीला सांगतोय, हात त्यो भूपालदादाचाच. उद्या नातवंडास्नी घिऊन आंबोलीला चाललोय बगा, बिनघोर."

बाळासोनं हात जोडले. ओठांतल्या ओठांत म्हणाला, "एवढी एक सोड. पाया पडतो."

"शालूबाई," भूपाल म्हणाला, "उद्या जाऊ नका. आधी गाडी हिकडं आणा. त्यो हात माझा न्हवता."

"आँ? मग कुणाचा वो?"

भूपालनं फोन बाळासोपुढं धरला. बाळासोनं मान फिरवली. तिकडनं शालूबाई विचारतच राहिली, "हॅलो? कुणाचा हात, दादा?"

"बाळासोचा," भूपाल म्हणाला, आणि ते नाव घेताना त्याला रडू फुटलं.