दोघांनी पाहिलेला बगळा

डॉक्टरांची चिठ्ठी तीन दिवस टिटवीच्या पिशवीत पडून होती. तिच्यात काय आहे ते बाबांना सांगायचं कसं, हेच तिला उमगत नव्हतं. घरी सांगवलं नाही, वाटेत सांगवलं नाही. आता तळ्याकाठी, पक्षी पाहायच्या लाकडी लपणात बाबांशेजारी बसून दातांची कवायत चालली होती, तरी जीभ रेटेना.

चिठ्ठी बाबांनीच तिच्या हाती दिली होती. "तू औषधांच्या दुकानात बसतेस, तुला हे अक्षरांचे किडेमकोडे लागतात. वाच." तिनं वाचली, घडी घातली आणि बेधडक थाप मारली, "काही नाही हो बाबा, नुसते थेंब घालायचेत." वर दुकानातून थेंबांची बाटलीही आणून दिली. चिठ्ठीत थेंबांचा उल्लेखही नव्हता. बाबांची नजर फार तर वर्षभर टिकेल, असं स्वच्छ लिहिलं होतं.

बाबा तीस वर्षं या तळ्याचे राखणदार. निवृत्त झाले, तरी हिवाळ्यातल्या पक्षीनोंदीला उजाडायच्या आत हजर. नोंदीचा त्यांचा एक नियम होता, आणि त्यापायी त्यांनी भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं. एकट्यानं पाहिलेला पक्षी वहीत चढायचा नाही. शेजारच्यानं 'दिसला' म्हटलं, तरच पेन्सिल चालायची. एका बड्या साहेबाचा गरुड त्यांनी असाच खोडला होता. साहेब पुन्हा म्हणून तळ्याकडे फिरकला नाही.

आज शेजारी टिटवी. काठचं गवत रात्रीतून पांढरं पडलेलं, पाण्यावर बर्फाची पातळ साय. तिनं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. थर्मास उघडला, चहा न ओतताच बंद केला.

"टिटवे, बूड टेकून बस की जरा. बदकं उडवशील सगळी."

"बसलेय की!"

"लहानपणी तोंड मिटायचं नाहीस म्हणून टिटवी म्हणायला लागलो. आता तीन दिवस तोंड बंद आणि हातापायांना चैन नाही."

उत्तर द्यायला नको म्हणून तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"तो बघ," बाबा कुजबुजले, "पलीकडच्या काठाला, पाणकणसांच्या डावीकडे. पांढरा बगळा. दिसला?"

तिनं पाहिलं. तिथं एक लाकडी खांब होता. त्याच्यावर दंव गोठलं होतं, बाकी काही नाही. तिला धस्स झालं. इतकी गेली नजर? म्हणजे वर्षसुद्धा हातात नाही? खांब आहे म्हणावं, तर पुढचं सगळंच सांगावं लागणार.

"दिसला," ती म्हणाली. "मस्त उभाय."

बाबांनी पेन्सिल उचललीच नाही. वही मिटून मांडीवर ठेवली.

"पाण्याची पातळी मोजायचा खांब आहे तो. तू जन्मलीस त्या वर्षी मीच रोवलाय."

टिटवीची मान खाली गेली. दुर्बीण कुठं ठेवावी, तेही तिला सुचेना. लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

बाबांनी हात पुढे केला, पण चिठ्ठी मागायला नव्हे. तिची गारठलेली बोटं त्यांनी मुठीत धरली.

"काढ ती चिठ्ठी. जे दिसेल तेच वाच."

"इथं? बदकं उडतील, बाबा."

"उडू देत. मोठ्यानं वाच."