पाखरं राखणं

फाल्गुनात भीमेचं पाणी मागं सरकतं आणि मांडवगणच्या खालच्या अंगाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. परतीच्या वाटेवरचे पक्षी तिथं चार-आठ दिवस उतरतात, पोट भरतात आणि उत्तरेला निघून जातात. शिरूरहून पहिल्या एसटीनं मी तिथं जातो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून दुसरं काही करत नाही.

त्या गुरुवारी मला एक टिटवी दिसली. आपली नेहमीची नव्हे. डोक्यावर काळी टोपी, ठळक पांढरी भुवई, पोटावर काळा डाग. ही जात जगातच थोडी उरली आहे. मी तीनदा दुर्बीण पुसली, पुस्तक उघडलं, तरी मन मानेना. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याच्या पक्षीमित्रांना एक दुर्मीळ बदक कळवलं होतं. ते कुणाचं तरी पाळलेलं निघालं. तेव्हापासून माझी नोंद आली की ग्रुपवर कोणीतरी हसरा चेहरा टाकतं.

तरी ग्रुपवर नोंद टाकली आणि स्नेहलला फोन केला. नोंदी तपासायचं काम तिच्याकडं आहे. रविवारी येते म्हणाली. मग, या वेळी नक्की ना सर, असंही विचारलं. मी नक्की म्हणालो. इतक्या ठामपणे मी क्वचितच बोललो असेन.

चिखलाला लागूनच कस्तुराबाईंची ज्वारी आहे. तिथलं पाणी आधी हटतं, त्या ओल्या गाळात उशिरा पेरतात; आता कणसं भरत होती. तिकडून कुत्री फिरतात, मासे धरणारे जातात, म्हणून शुक्रवारी मी बाईंना गाठलं आणि चिखलाकडं बोट दाखवलं.

"रविवारपर्यंत तेवढी पाखरं राखाल का? माझं मोठं काम आहे."

"राखते की, आप्पा. तुम्ही कवा काय मागितलंय?"

रविवारी स्नेहल आली, सोबत कॅमेरेवाले दोघं. चिखलावर एक बगळासुद्धा नव्हता. कस्तुराबाई बांधावरून आल्या. हातात गोफण, आवाज पार बसलेला.

"दोन दिस भाकर बी हितंच खाल्ली, आप्पा. एक पाखरू टेकू दिलं न्हाई."

राखायचं असतं ते पीक. पाखरं राखणं म्हणजे ती उडवून लावणं. कवठ्याला लहानपणी मी स्वतः माळ्यावर उभा राहून, डबा बडवून पाखरं राखली होती. सगळी हयात शब्दांत काढली आणि ऐन वेळी पुस्तकातलं मराठी तोंडात आलं.

बाई काय म्हणतात, असं स्नेहलनं विचारलं. खरं सांगितलं असतं तर माझी नोंद कदाचित राहिली असती. कस्तुराबाई माझ्याकडं पाहत होत्या, दोन दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या.

"त्यांच्या ज्वारीचं चाललंय," मी म्हणालो. "माझंच चुकलं असेल. साधी टिटवी असेल."

"बदकापेक्षा प्रगती आहे, सर," एक कॅमेरेवाला म्हणाला. "या वेळी निदान पाळीव नव्हती."

स्नेहल हसली नाही. तिनं फोन काढला आणि माझ्यासमोरच नोंद पुसली.

गाडी गेल्यावर बाईंनी विचारलं, "काम झालं न्हवं?"

"झालं," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत, न्हावऱ्यापर्यंत, मी स्नेहलशी खोटं बोललो याची टोचणी होती. शिरूरला उतरलो तेव्हा, खोटं बोललो होतो की नाही, हेही नीट सांगता येईना.