भेगेच्या वर राहिलेली ओळ

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि प्रेमाच्या कवितेतले मला चांगलेच कळते. ती इतकी वर्षे माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे.

एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले, काळा रंग दिला आणि कॉलेजातल्या साहित्याच्या वर्गात भिंतीवर चढवले. पुढे फळ्यांचा सांधा सुटला आणि माझ्या मधोमध आडवी भेग पडली. शिपाई म्हणाला, "हा गेला कामातून." सुनीत शिकवणारे सर मात्र खूश झाले. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. आठ ओळींत एक विचार, मग कलाटणी, आणि उरलेल्या सहा ओळींत दुसरा. सर आठ ओळी भेगेच्या वर लिहीत, सहा खाली.

दरवर्षी एकच जुने, गाजलेले प्रेमसुनीत. त्यातली प्रेयसी परगावी गेली आहे आणि कवी तक्रारी सांगतो आहे. ती दार आपटते, दिवा मालवायला विसरते, वाचता वाचता मध्येच हसते आणि का ते सांगत नाही. मग नववी ओळ येते, "पण आज दार वाऱ्यानेही वाजत नाही." सर भेगेवर छडी टेकवून म्हणत, "वर तक्रार, खाली प्रेम." मुले परीक्षेत तेच लिहीत आणि पास होत. माझा तोरा तेव्हा बघण्यासारखा होता.

सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांचीच एक विद्यार्थिनी आली, तीही एका वर्षाच्या बोलीवर. तिला कायम करायचे की नाही, हे ठरवायला प्राचार्यबाई तिचा तास बघणार होत्या. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात ती फोनवर बोलत होती. "हे गेलं ना आई, तर पुन्हा दारोदार शिकवण्या. आता नाही गं जमायचं मला."

तासाला प्राचार्यबाई मागच्या बाकावर बसल्या, शेजारी पाहुणे म्हणून सर. भीतीने नव्या मॅडमचे अक्षर बारीक झाले आणि भेगेच्या वर आठऐवजी नऊ ओळी मावल्या. हिच्या ते ध्यानातही आले नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, नववी ओळ वरच राहिली. खाली पाहिजे ना? सरांच्या नोट्समध्ये तसंच आहे."

वर्ग हसला. प्राचार्यबाईंनी काहीतरी टिपून घेतले. हिने डस्टर उचलला, नवव्या ओळीवर टेकवला आणि तशीच थांबली. वरच्या ओळी ती पुन्हा वाचत होती.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "मला एक सांगा. वाचताना ती मध्येच हसते, हे याला कसं कळलं?"

"तोही शेजारी वाचत बसला असेल," कुणीतरी म्हणाले.

"वाचत असता तर मान खाली असती."

मग खिडकीजवळचा एकजण म्हणाला, "म्हणजे पुस्तक नुसतं हातात. बघतोय तिच्याकडेच."

"मग ही तक्रार आहे का?"

त्यानंतर मुले आवरेनात. दार आपटलेले आठवते, म्हणजे कान दाराकडेच लागलेले असणार, एकीने सांगितले. ती दिवा विसरते तर रोज मालवतो कोण, दुसऱ्याने विचारले. एकेक तक्रार उलगडत गेली आणि प्रत्येकीत तेच निघाले. प्रेम पहिल्या ओळीपासूनच होते. कवीला तेवढे ते नवव्या ओळीत कळले. कलाटणी म्हणतात ती ही.

तास संपल्यावर सर माझ्याजवळ आले. "वरच्या आठ ओळी मी नेहमी घाईने उरकल्या," ते म्हणाले.

"सर, खरं सांगू? ती ओळ चुकून वर गेली."

"ठाऊक आहे. घाबरलीस की तुझं अक्षर बारीक होतं. तुझे सगळे पेपर मीच तपासलेत."

तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण फळ्याला ती सोय नाही. दारातून प्राचार्यबाई म्हणाल्या, "सुनीत पुढच्या वर्षीही तुम्हीच शिकवायचं. आणि त्याच्या पुढेही. ऑर्डर काढते."

परवा भेग बुजवायला सुतार आला होता. तिने त्याला चहा पाजून परत पाठवले.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खिळ्याने ओरखडू नका, ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. आणि पुसण्याआधी अगदी वरची ओळ पुन्हा एकदा वाचा.