मिस्त्रींनी जोडलेला पंखा

घड्याळवाल्या काकांची गाडी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तापली, तरी काका चिडले नाहीत. गॅरेज सांभाळणाऱ्या तिला तेच जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "पोरी, पहाटेचं डायलिसिस उरकून येताना सिग्नलला उभा होतो आणि काटा गेला की लालवर. इंजिन बंद करून बसलो. मागच्या सीटवर तुझी काकू. अर्धा तास मागचे लोक हॉर्न बडवतायत, आणि ही मलाच समजावते, तुम्ही चिडू नका, बीपी वाढेल."

"काकू कुठेत आता?"

"शेजाऱ्याने आणून सोडली घरी. पण परवा परत डायलिसिस आहे गं. परवा असं अडकून चालणार नाही." मग त्यांनी आत, बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्रींना सांगू नकोस हं, मी तक्रार केली म्हणून. तू आपलं बघ हळूच."

काका दुकान उघडायला निघून गेले.

तिच्या बाबांना सगळे मिस्त्रीच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी हे गॅरेज चालवलं होतं. गाडी वळणावर असतानाच आवाज ऐकून तिचा आजार सांगायचे, आणि गिऱ्हाईक आत शिरेपर्यंत हातात नेमका पाना तयार. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं. त्या दिवशी घरी येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "बाळा, एक कबूल कर. ज्या दिवशी माझ्या हातून कुणाची गाडी बिघडेल, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. गोड बोलून फसवायचं नाही. आमच्या उस्तादाला दिसेनासं झालं होतं. आम्हा चौघांनाही माहीत होतं. चौघंही गप्प बसलो, म्हाताऱ्याचा मान राखायला. मग त्याने ब्रेकचं काम केलेली एक गाडी भिंतीत गेली. तो माणूस जन्मभर लंगडला. आणि उस्ताद मरेपर्यंत विचारत राहिला, तुम्ही बोलला का नाहीत रे?"

तिने कबूल केलं. तेव्हा सोपं होतं. समोर बसलेला माणूस अजून पुरता बाबाच होता.

मग तिने आपली एक पद्धत बसवली. काम बाबांनाच करू द्यायचं. दुपारी जेवून ते आतल्या खाटेवर पाठ टेकायचे, तेवढ्या तासात त्यांनी हात लावलेली प्रत्येक गाडी ती गुपचूप तपासून घ्यायची. एकदा चाकाचा एक नट हातानेच फिरला. एकदा ऑइल फिल्टरला रबरी रिंगच नव्हती. तिने नीट केलं आणि बोलली नाही. गाडी रस्त्यावर कुठे गेली होती, मग ती बिघडली कशी म्हणायची, असं ती स्वतःला समजावायची. वकिलालाही सुचणार नाही असा युक्तिवाद होता तो, आणि दोन वर्षं चालला.

चुकला तो एकच मंगळवार. काकांच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा जाम झाला होता आणि बाबा त्याची मोटर बदलणार होते. त्याच सकाळी तिच्या तीन वर्षांच्या मुलीला ताप भरला. ती घरी राहिली, कपाळावर पट्ट्या ठेवत. बाबांनी एकट्याने मोटर बसवली, काका गाडी घेऊन गेले. त्यानंतर गाडी तापू लागली. पहिल्यांदा आली तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यांदा रेडिएटर धुऊन काढला. पंखा तर नवा होता, गरगर फिरत होता. त्याच्यावर कोण संशय घेणार? तिनेही घेतला नव्हता.

आज बाबा स्वतःच उठले. बाह्या वर सारल्या, खिशातून आपला टेस्टर काढला. दोन वायरींच्या टोकाला बांधलेला एक छोटा बल्ब, बस. मीटरवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. "आकडे दाखवतं ते. आकड्यांनी गाड्या चालतात होय?"

"बघा तुम्ही," ती म्हणाली.

ते बघू लागले आणि तिला क्षणभर वाटलं, काही झालेलंच नाही. हात तसेच, न अडखळता. फ्यूज काढला, उजेडात धरला, परत बसवला. रिलेवर बोट ठेवलं. "ऐक. टक् झालं ना? रिले जिवंत आहे." रेडिएटरच्या खालचा सेन्सरचा प्लग काढून त्यात वायरीचा तुकडा अडकवला. पंखा लगेच घुमू लागला. "म्हणजे सेन्सरपासून पंख्यापर्यंत रस्ता साफ." बल्ब मोटरच्या वायरींना लावला. बल्ब लख्ख पेटला.

"पंख्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"आठवडा धर."

आठवडा. परवा काकू दवाखान्यात कशा जाणार होत्या? बाबा चहा सांगायला बाहेर गेले, तशी तिने आपलं मीटर काढलं. लाल टोक मोटरच्या लाल वायरीला, काळं काळीला. पडद्यावर बारा आले. पण बाराच्या आधी एक बारीकशी आडवी रेघ होती. वजा बारा.

टोकं आपणच उलटी धरली असतील म्हणून तिने परत पाहिलं. नव्हती धरली.

बल्बला काय, करंट इकडून आला काय नि तिकडून आला काय, तो पेटतोच. मोटरचं तसं नसतं. करंट उलटा गेला की ती उलटी फिरते, तेवढ्याच जोमाने. तिने बाकावरचं वर्तमानपत्र घेतलं, एक पान गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा सरळ फिरत असता तर पान जाळीला जाऊन चिकटलं असतं. ते फडफडत तिच्याच छातीवर आलं. तिने परत धरलं. परत आलं. सिग्नलला गाडी थांबली की हा पंखा आतली गरम हवा पुढे फेकत होता, आणि इंजिन बिचारं आपल्याच वाफेत शिजत होतं.

तिने मोटरजवळची चिकटपट्टी सोडवली. आत बाबांचा जोड होता. तो लाखात ओळखू आला असता. तारांना सात पीळ, त्यावर पट्टी तिरकी गुंडाळलेली, आणि शेवटी पट्टी उकलू नये म्हणून मेणाच्या दोऱ्याची एक गाठ. इतका सुबक जोड कंपनीतून येत नाही. आणि त्यात मोटरची काळी वायर गाडीच्या काळीला जोडलेली होती.

या जुन्या गाड्यांत करंट काळ्या वायरीतून येतो आणि अर्थ, म्हणजे करंट परत जाण्याची वायर, असते तपकिरी. हे तिला कुणी शिकवलं होतं? ती चौदा वर्षांची असताना, याच जागी उभं राहून, बाबांनीच. "ह्या गाडीत काळी दिसली की हात मागे घे. काळी म्हणजे अर्थ, असं समजणारा मेकॅनिक नव्हे, शिंपी."

तिने वायरींची अदलाबदल केली. पान जाळीला चिकटून बसलं. इंजिन वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवलं. काटा निम्म्यावर गेला आणि तिथेच राहिला. ती सगळा वेळ काट्याकडे बघत होती, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"सापडलं?" बाबा दोन कप घेऊन मागे उभे होते.

"पंखा उलटा फिरत होता, बाबा."

"उलटा?" ते हसले. अगदी मनापासून. "कोणत्या गाढवाने जोडला?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मोटरच तशी आली दुकानातून. वायरींचे रंग उलटे होते."

पूर्वीचे बाबा असते तर म्हणाले असते, आण ती मोटर इकडे, बघू. तिची थाप त्यांच्यासमोर घडीभरही टिकली नसती. लहानपणी कधीच टिकली नव्हती. आता ते नुसते मान डोलावत म्हणाले, "तरीच." तिचा खोटेपणा त्यांनी मुलीने दिलेला चहा घ्यावा तसा घेतला.

पण ते तिथे थांबले नाहीत. "टकल्याला बघतो आता," म्हणत त्यांनी फोन काढला. स्पेअर पार्टवाला त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. नंबर त्यांना अजून पाठ होता. हात तेलकट म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे.

"काय टकल्या, डोक्यावर काही उरलं नाही ते दिसतं, आतलंही गेलं का?"

"बोला मिस्त्री. सकाळी सकाळी आरती?"

"उलट्या वायरींची मोटर दिलीस मला. घड्याळवाल्याची बायको डायलिसिसहून येताना रस्त्यात अडकून पडली. आजारी बाई. लाज वाटते का काही? उद्यापासून तुझ्याकडून एक स्क्रू घेणार नाही मी."

पलीकडून टकल्या म्हणाला, हळू, "हो मिस्त्री. माझंच चुकलं असेल. दुसरी पाठवून देतो."

मोटर ठीक होती हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतः चालवून दाखवूनच दिली असणार, न चालवता तो कधी देत नसे. म्हणजे त्यालाही कळलेलं होतं. काकांना कळलेलं होतं. तिला तर दोन वर्षं. सगळे एका म्हाताऱ्याभोवती उभे राहून मान राखत होते.

तिने फोन त्यांच्या हातातून घेतला. "काका, मोटर चांगली होती तुमची. मी खोटं बोलले. ठेवते."

"जोड तुमचा आहे, बाबा." तिने सोडवलेली पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली, दोऱ्याच्या गाठीसकट. "त्या मंगळवारी मी घरी होते. तुम्ही मोटर बदललीत."

त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "ही मोटर मी बसवली?"

"हो."

"काळी काळीला?"

"हो."

ते बाकावर बसले. चहावर साय आली. त्यांनी विचारलं, "आधी खोटं का बोललीस?"

"जमेना मला."

"हं," ते म्हणाले. रागावले नाहीत. उठले, मोरीपाशी गेले आणि साबणाची पूड घेऊन हात धुऊ लागले, कोपरापर्यंत, एकेक नख, दिवसभराचं काम संपल्यावर धुवावेत तसे. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

काका गाडी न्यायला आले, तेव्हा बाबा त्यांना सामोरे गेले. "काका, गाडी माझ्यामुळे तापली. काकूंना सांगा, मिस्त्रीने माफी मागितली. आजपासून तुमची गाडी पोरगी बघेल. किल्ली माझ्या हातात द्यायची नाही. मी मागितली तरी."

"अहो मिस्त्री, त्यात काय एवढं—"

"मी मागितली तरी," बाबा परत म्हणाले. मग तिच्याकडे वळून, आवाज न चढवता, "आणि हे माझ्या लक्षात राहणार नाही, बाळा. तुला परत सांगावं लागेल."

परवा काकूंची गाडी दवाखान्यात जाऊन नीट परत आली.

त्याआधी उद्या होता. सकाळी मुलीला बालवाडीत सोडून ती गॅरेजला पोचली, तर शटर वर होतं, आणि बाबा एका पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून, बाह्या सावरत, शीळ घालत उभे होते. खुशीत होते. तिने पिशवी खुंटीला लावली, बाक पुसला.

"बाबा," ती म्हणाली, "जरा इथे बसा. एक सांगायचंय."