हाताकडे बघ

धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. आता चोपन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, जिना चढताना गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला बारक्या म्हणणं शोभतं का? पण नाव दादाने ठेवलेलं, आणि दादाने ठेवलेलं बदलायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. दादा त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. दोघांचं मिळून एक वर्कशॉप होतं. जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवायचे ते. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा, खाली पाण्याची टाकी, आणि दगडधोंड्यांतून ओढत नेलं तरी तुटणार नाही अशी चासी. नवीन बनावटीचा ट्रेलर तयार झाला की पहिला नग घेऊन दोघे भाऊ डोंगरात जात. रस्ता म्हणायला जीभ धजणार नाही अशा वाटांनी नऊ दिवस खिंडी पालथ्या घालत. जे निखळेल ते परत आल्यावर सुधारायचं, आणि मगच माल गिऱ्हाइकाला दाखवायचा. तीस वर्षांचा शिरस्ता होता हा.

यंदाही ट्रेलर नवीनच होता, पण तपासायचा होता दादा. हे फक्त दोघांना माहीत होतं, बारक्याला आणि वहिनीला. निदान बारक्याची तरी तशी समजूत होती.

निघायच्या आठवडाभर आधी वहिनीने त्याला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं होतं. बाई कधी डोळ्यांत पाणी आणणारी नव्हे. त्या दिवशीही आणलं नाही, नुसता कोरडा ओटा पुसत राहिली.

"भाऊजी, परवा हे वेल्डिंगचा गॅस तसाच चालू ठेवून जेवायला आले. बाहेरून कुलूप घालून. हे घरी आलेत हे मला ठाऊक नव्हतं, मी डबा घेऊन तिकडे गेले, तेव्हा दाराशी वास आला. म्हणून वाचलं सगळं."

"होतं असं कधी कधी, वहिनी. माझंही होतं."

"तुमचं होत नाही. हे विसरणं वाढतच जाणार, डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हीही ऐकलंय. आता वर्कशॉपची किल्ली काढून घ्या त्यांच्याकडून. माझं ते ऐकायचे नाहीत."

बारक्याला वहिनीचा रागच आला. किल्ली काढून घ्या म्हणे. वर्कशॉप काढून घेतल्यावर त्या माणसाजवळ उरणार काय? दादाला ना पत्त्यांचा नाद, ना टीव्हीचा. सुट्टीच्या दिवशी घरात बसवलं तर दुपारपर्यंत बिजागऱ्यांना तेल घालत फिरायचा आणि संध्याकाळी आजारी पडायचा. त्याला खुर्चीत बसवणं म्हणजे हळूहळू मारणंच होतं, आणि ते पाप वहिनी बारक्याच्या हातून करवून घ्यायला निघाली होती.

"नऊ दिवस द्या मला," तो म्हणाला. "डोंगरात नेतो. तिथे नीट राहिला तर किल्ली त्याच्याचकडे राहील, आणि तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाही. नाही राहिला, तर मी स्वतः काढून घेईन."

"शब्द देताय?"

"दिला."

शब्द द्यायला काय लागतं, जीभ तेवढी हलवायची. पुढचं सगळं निस्तरायला लागतं.

पहिला दिवस तर असा गेला की बारक्याने मनातल्या मनात वहिनीला चांगलं सुनावून घेतलं. पहिल्या खिंडीच्या चढावर दादाने एकदम हात वर केला, "थांब, डाव्या चाकाच्या बेअरिंगचा आवाज येतोय." बारक्याला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. उतरून चाक काढलं तर खरंच, बेअरिंगमध्ये ग्रीस नावालाही नव्हतं. दादाने ते तिथेच दगडावर बसून भरलं, हात पुसले आणि म्हणाला, "हे भरायचं काम कुणाचं होतं रे? तुझंच ना? घोड्या." बारक्याला घोडा म्हणवून घेऊन इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरले. डोंगर दिसेनासे झाले. नुसता ओला करडा पडदा, त्यात वायपरची खरखर आणि पुढे दहा-बारा हातांची वाट. संध्याकाळी एका पठारावर मुक्काम केला. दादाने ट्रेलरचे चारही टेकू लावले, अगदी पाणसळीने पातळी बघून. मग चहा पिताना विचारलं, "टेकू लावले का?"

"तूच लावलेस की."

"हां."

कप धुताना पुन्हा विचारलं. आणि अंधार पडायच्या बेताला तिसऱ्यांदा. मग तो ओट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि तसाच राहिला. ओट्याखालच्या सहा खणांकडे बघत. ते खण त्याने स्वतः आखले, कापले, जोडले होते. चमचे कुठल्या खणात ते काही त्याला सुचेना. बारक्या उठला आणि त्याने तिसरा खण ओढून चमचा काढला.

उंचीवर आलोय, त्याने स्वतःला समजावलं. हवा विरळ असते. माणूस जरा गांगरतो. समजूत घालायला जात काय होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी ते दुसऱ्या खिंडीखाली पोहोचले. वाट डोंगराच्या अंगाने कोरलेली. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी, आणि मधे जीप जाऊन वर हातभर उरेल एवढीच जागा. एक वळण घेतलं आणि बारक्याने ब्रेक दाबला. समोर वाटच नव्हती. वरून आलेल्या पाण्याने दहा-बारा फुटांचा तुकडा उचलून खाली नेला होता.

वळायला जागा नाही. जीपला नाही, मग मागे लटकलेल्या ट्रेलरला कुठली असणार. मागे दोनेकशे पावलांवर वाट रुंद झाली होती, तिथपर्यंत उलटं जाणं भाग होतं.

"उतरतो मी," दादा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की बारक्याने नुसती मान हलवली.

इथे या भावांची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ट्रेलर मागे घेताना सगळंच उलटं होतं. ट्रेलर डावीकडे जायला हवा असेल तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. बाकीची माणसं काय करतात, तर खाली उभा असलेला ट्रेलर कुठे जायला हवा ते दाखवतो, आणि चालवणारा डोक्यात त्याचं उलटं करून स्टेअरिंग फिरवतो. या दोघांनी तीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं की उलटसुलट करायचं काम खालच्याचं. खालचा ज्या बाजूला हात करील तिकडे स्टेअरिंग फिरवायचं. चालवणाऱ्याने विचार करायचा नाही, आरशात बघायचं नाही. ट्रेलर जरा तिरपा झाला की आरशात नुसता पत्राच दिसतो, दादा म्हणायचा, आरसा माणसाला घाबरवतो. "माझ्या हाताकडे बघ." आणि दोन्ही मुठी वर गेल्या की जिथे असाल तिथे थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली बारक्याने असं डोळे मिटून ट्रेलर नेला नसता. दादाच्या हाताखाली तीस वर्षं नेला होता आणि कधी साधा चरा उठला नव्हता.

दादा जीपच्या पुढे, जरा दरीच्या बाजूला उभा राहिला. तिथून त्याला ट्रेलरची बाहेरची चाकं दिसत होती. त्याने दोन्ही तळवे ढकलल्यासारखे केले. चल मागे. बारक्याने रिव्हर्स गिअर टाकला.

वीस-पंचवीस पावलं नीट गेली. मग बारक्याला पाठीतच कळलं की ट्रेलरची शेपटी दरीकडे सरकतेय. दादालाही दिसलं असणार. त्याने कड्याच्या बाजूला हात केला. डावीकडे.

बारक्याने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. विचार न करता, तीस वर्षं फिरवलं तसं.

मागून धाडकन आवाज आला, जीप एका अंगाला ओढली गेली आणि खाली दगड गडगडत गेले. ते तळाशी पोहोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. दादाच्या मुठी वर. बारक्याचा पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं तर ट्रेलरचं उजवं चाक कडेवरून उतरून हवेत लोंबत होतं.

"अरे, डावीकडे म्हणतोय मी," दादा ओरडला, "उजवीकडे कशाला नेलास?"

आणि त्याने पुन्हा हात केला. डावीकडे, डावीकडे. जणू एखाद्या अडाण्याला समजावतोय.

तेव्हा बारक्याला सगळं लख्ख कळलं. ट्रेलर कुठे जायला हवा ते दादा दाखवत होता. सगळ्या जगासारखं. त्यांची दोघांची रीत त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती, आणि ती पुसली गेल्याचंही त्याला ठाऊक नव्हतं.

"चुकलो, दादा," बारक्या म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष दे. इथे चुकून भागायचं नाही."

त्याने जीप इंच इंच पुढे घेतली. चाकाने कड खरवडली, एकदा घसरलं, दुसऱ्यांदा चढलं. ट्रेलर पुन्हा वाटेवर आला. बारक्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि अजून दीडशे-पावणेदोनशे पावलं बाकी होती.

काय करावं? दादा, तू बस गाडीत, मी बघतो आरशात, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं की संपलं. मग नऊ दिवस कशाला, निकाल इथेच लागला. दादाच्या प्रत्येक खुणेचं उलटं करत जावं म्हटलं, तर तेही धड नव्हतं. कारण पुढच्याच खुणेला दादा बरोबर निघाला. उजवीकडे हवा तिथे हात उजवीकडेच केला, जुन्या रीतीने. त्याच्या पुढची पुन्हा चूक. कधी शहाणा, कधी नाही. मग बारक्याने ते केलं जे त्याने तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. तोंड दादाकडे ठेवलं, मान डोलवत राहिला, आणि डोळे आरशात घातले. आरशात दिसणारं उजवं चाक आणि दरीची कड यांच्यात तळहाताएवढी फट. ती फट सांभाळायची. दादाचे हात हलत होते, काचेच्या पलीकडे, आणि बारक्या ते बघत नव्हता. चोरी करावी तसं वाटत होतं त्याला. किंबहुना चोरीत एवढी लाज वाटली नसती.

शेवटच्या वळणावर तर तो मान डोलवायचंही विसरला. फट तेवढी दिसत होती, बाकी काही नाही.

वाट रुंद झाली. त्याने ट्रेलर आत घातला, इंजिन बंद केलं, आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकून क्षणभर बसला. मग चेहरा नीट करून खाली उतरला. दादा लांबून सावकाश चालत येत होता, हात खिशात.

"जमलं की, दादा," बारक्या म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम मोठा काढला. "तुझा हात अजून तसाच आहे बघ. सुरुवातीला माझीच गफलत झाली."

दादा तसाच पुढे गेला. ट्रेलरच्या उजव्या चाकापाशी वाकला, खरवडलेल्या रिमवरून अंगठा फिरवला. मग जीपच्या पुढच्या चाकांपाशी येऊन उभा राहिला.

"मी समोरच उभा होतो," तो म्हणाला. "ही चाकं माझ्या डोळ्यांपुढे होती. मी दाखवीन तशी ती वळत नव्हती."

"वळत होती रे. तुला तिथून..."

"ऐक. शेवटच्या वळणाआधी मी मुठी वर केल्या."

बारक्याने मागे वळून त्या वळणाकडे पाहिलं.

"थांबायचं काही कारण नव्हतं," दादा म्हणाला. "तू बघतोयस का, तेवढं बघायचं होतं मला."

"किती वेळ धरल्या होत्यास?"

"तू इथे पोहोचेपर्यंत."

वारा सुटला होता. ढग इतके खाली आले होते की मघाची वाटही दिसेनाशी झाली. बारक्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. दादाने त्याला रडू दिलं. मग ट्रेलरच्या पायरीवर जाऊन बसला आणि शेजारची जागा थोपटली. बारक्या जाऊन बसला.

"तुझ्या वहिनीने तुला कशासाठी पाठवलंय ते मला घरापासूनच ठाऊक आहे," दादा म्हणाला. "तू बरोबर केलंस. हात बघत बसला असतास तर आता दरीत असतास. मघाशी मी काय केलं ते मला अजूनही कळलेलं नाही, पण चाक हवेत होतं ते मी पाहिलंय."

"दादा, मी वहिनीला काही सांगणार नाही."

"तू नाहीच सांगायचं. तुझ्या तोंडून तिने ऐकलं तर मी जन्मभर तुझ्यावर डूख धरीन. मीच सांगतो तिला. किल्लीही मीच देईन हातात."

मग खालच्या आवाजात, जरासा लाजत म्हणाला, "घरी पोहोचेपर्यंत विसरलो, तर तेवढी आठवण कर."

"करीन," बारक्या म्हणाला.