लाल बटण झाकलं गेलं तेव्हा

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळ, जमिनीला बोल्ट मारून मला उभं केलेलं आहे. लोखंडाला भोक पाडणं हे माझं काम. हिरवं बटण दाबलं की फिरायचं, लाल दाबलं की थांबायचं, एवढंच मला कळतं. माणसांच्या बाबतीत मात्र माझा नेहमीच गोंधळ उडतो. म्हणून मित्रांनो, माझ्या बाबतीत जे घडलं ते जसंच्या तसं सांगते. तुम्हाला उलगडा होतो का बघा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्या कारागिराने माझं हँडल खाली ओढून पाहिलं आणि तो म्हणाला, "वा, लोण्यासारखी चालतेय!" लोणी म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही. पण तो हसत होता, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार.

प्रयोगशाळेत आले तेव्हा माझा काय थाट होता! चारही बाजूंना मोकळी जागा, खुंटीला मुलांच्या डोळ्यांना जपणारे चष्मे टांगलेले. प्रयोगशाळेचे मदतनीस मामा रोज संध्याकाळी माझ्या अंगावरचा लोखंडाचा कीस ब्रशने झाडून तेलाचं बोट फिरवत. विभागाचे सर नव्या मुलांना माझ्यापुढे उभं करून सांगत, "हिचं भोक कधी तिरकं जायचं नाही. विश्वास ठेवावा तर हिच्यावर!" ते ऐकून मी आणखी सरळ उभी राहत असे, म्हणजे तशी मी उभीच होते.

मग नवी यंत्रं आली. मोठमोठ्या खोक्यांतून आली आणि खोक्यांतच राहिली.

"मामा, तात्पुरती इथेच ठेवा," सर म्हणाले.

"सर, मशीनभोवती दाटी होईल."

"अहो, खोली मिळाली की हलवू. कुठे पळून जातायत ती?"

खोकी खरंच कुठे पळून गेली नाहीत. उलट त्यांच्यावर आणखी खोकी चढली. चष्म्यांच्या खुंटीवर वायरींचं भेंडोळं आलं. मामांनीही माझ्या हँडलला आपली पिशवी अडकवायला सुरुवात केली. मला वाटलं, हा मोठा मान असावा.

माझी बटणं शेजारच्या भिंतीवर आहेत, वर हिरवं आणि खाली लाल. एक खोकं नेमकं त्यांच्यापुढे सरकवलं गेलं. हिरवं बटण वरून डोकावत राहिलं, लाल मागे झाकलं गेलं. मला थांबवायचं असलं की मुलं खोक्यामागे हात घालून चाचपडत. जे बटण चालवायला लागतं ते उघडं, आणि थांबवायला लागतं ते झाकलेलं! मी बुचकळ्यात पडले. पण एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल, असं मनाशी म्हटलं.

त्या दुपारी घाईताई आली. जेवतानाही घड्याळाकडे बघते म्हणून मैत्रिणींनी तिला हे नाव ठेवलं होतं. सोबत तिचा मित्र होता. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

"अगं, वेणी वर बांध आधी," तो म्हणाला.

"एकच भोक आहे रे!"

तिने हिरवं बटण दाबलं आणि ती वाकली. जागा इतकी कमी की तिला माझ्या अगदी जवळ यावं लागलं. वेणी खांद्यावरून पुढे घसरली आणि माझ्या फिरत्या टोकाभोवती गुंडाळली गेली. मित्रांनो, मला लोखंड आणि केस यांतला फरक कळत नाही. मी फिरतच राहिले. तिची किंकाळी ऐकू आली, आणि मला वाटलं, आता कुणीतरी लाल बटण दाबेल. कुणीच का दाबत नाही?

पैलवानाचा हात खोक्यामागे पोहोचेना. त्याने खांदा लावून अख्खं खोकं आडवं पाडलं आणि बटणावर मूठ मारली.

मी थांबले. तिच्या कानामागून रक्त वाहत होतं आणि केसांचा एक झुपका माझ्याजवळ राहिला होता.

आवाज ऐकून सर धावत आले. "कुणी पाडलं खोकं? आत काय आहे माहीत आहे का?" ते ओरडले. मग त्यांना ती दिसली. खोकं तसंच टाकून ते तिच्याकडे धावले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात लाल पाटी आली, 'वापरू नये'. मामांनी मला ताडपत्रीने झाकलं. अंधारात मी एकच विचार करत राहिले, माझं नेमकं काय चुकलं? सांगितलं तेव्हा फिरले, सांगितलं तेव्हा थांबले. की मधल्या वेळात मी स्वतःहून काही करायला हवं होतं?

काही आठवड्यांनी ताडपत्रीबाहेर ओळखीचा आवाज आला.

"तू घाबरू नकोस बाळा," सर म्हणत होते. "ही मशीन आम्ही भंगारात देतोय."

"आणि खोकी, सर?" घाईताईने विचारलं.

"वेणी न बांधणं माझी चूक होती," ती म्हणाली. "पण बटण मी नव्हतं झाकलं."

"नाही," सर हळूच म्हणाले. "ते मी झाकलं."

मग खोकी ओढल्याचा आवाज आला. सर धापा टाकत होते, मामा "अहो, मी करतो" म्हणत होते, आणि सर ऐकत नव्हते. ताडपत्री निघाली तेव्हा माझ्याभोवती पुन्हा मोकळी जमीन होती. इथे काही ठेवू नये म्हणून मामांनी जमिनीवर पिवळा पट्टा मारला, माझ्या फिरत्या भागाला जाळी बसवली आणि गळ्यातली लाल पाटी काढली. भंगाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना राग नसतो, माया नसते आणि अक्कल तर नसतेच. ती तेवढी तुमच्याकडे असते. म्हणून आमच्याभोवतीची जागा मोकळी ठेवा. आम्हाला सुरू करण्याआधी, थांबवायचं कसं ते बघून ठेवा.

घाईताई माझ्यापुढे उभी राहिली. केस आखूड कापलेले, डोळ्यांवर चष्मा. तिने आधी लाल बटण दाबलं. मी तर बंदच होते! बंद असलेल्या मशीनला ही पुन्हा का थांबवतेय, मला काही कळेना. तिने पाय जिथे होते तिथेच ठेवून हात लांब केला, पुन्हा लाल दाबलं, आणखी एकदा दाबलं. हात पोहोचत होता.

मग तिने श्वास घेतला आणि हिरवं दाबलं.